एकशे एकोणचाळीस वेळा बराबर

पेपर सुटला की पोरं येडी होतात. तीन तास तोंड शिवून बसलेली असतात ना, मग फाटकाबाहेर पाय पडला की कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. त्या रविवारी संध्याकाळी पाचला हिंगोलीत परीक्षा केंद्राबाहेर तेच चाललं होतं. डॉक्टरकीच्या प्रवेशाला जी नीट नावाची परीक्षा द्यावी लागते, तिचा पेपर. मे महिन्याचं ऊन, आया लिंबाखाली ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसलेल्या, आणि पोरं हातातल्या प्रश्नपुस्तिका हलवत एकमेकांवर ओरडत होती. बाराव्याचं उत्तर तीन. हॅट, बाराव्याचं एक. अरे सरळसरळ तीन आहे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का.

निलम राठोड आणि मंतशा बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. दोघी औंढ्याच्या कॉलेजात दोन वर्षं एका बाकावर बसलेल्या. मंतशा जवळा बाजारची, तिचे अब्बा युसूफभाई शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. निलम सिद्धेश्वरच्या कालव्याकडच्या तांड्यातली, किसनसिंग राठोडांची थोरली. पोरांचा तो गोंधळ मंतशाला बघवेना. ती पुढं होऊन म्हणाली, "अरे, कोड तो देखो पहले." पोरांनी आपापल्या पुस्तिकेचं पहिलं पान बघितलं. एकाचा सेहेचाळीस, दुसऱ्याचा अठ्ठेचाळीस. दोघं खजील होऊन हसले आणि गप्प झाले.

हे कोडाचं ज्याला ठाऊक नसेल त्याला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरच झाला. पुस्तिका चार तऱ्हेच्या असतात. प्रश्न तेच एकशे ऐंशी, पण प्रत्येक तऱ्हेत त्यांचा क्रम वेगळा, आणि उत्तराचे चार पर्यायही वरखाली केलेले. शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्याची फजिती व्हावी म्हणून ही सोय. एकाचा बारावा प्रश्न दुसऱ्याचा चाळिसावा असतो. म्हणून उत्तरं मिळवायची तर प्रश्न बोलून मिळवायची, आकडा बोलून नाही. परीक्षेला बसणाऱ्या पोराला झोपेतून उठवून विचारा, तो हे सांगेल.

तेवढ्यात दिपक आला. दिपक म्हणजे तांड्याचे नाईक प्रेमदास, त्यांचा धाकटा. त्याला दोन वर्षं लातूरला ठेवलेलं, मोठ्या क्लासला, होस्टेलवर. सुट्टीला तांड्यात आला की लोक त्याला आत्तापासूनच डॉक्टर म्हणायचे आणि तोही म्हणू द्यायचा. निलमनं विचारलं, कसा गेला. बेस गेला, म्हणाला. मग तिच्या पुस्तिकेकडं मान वाकवून त्यानं कोड बघितला.

"तुझा सत्तेचाळीस व्हय? माझा अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "मग आपलं काही जुळत न्हाई."

हे त्याचं वाक्य ध्यानात ठेवा. निलमनं ठेवलं होतं.

परतीच्या जीपमध्ये दोघी मैत्रिणी औंढ्यापर्यंत उत्तरं मिळवत आल्या. कप्पीचं काय काढलंस? सहा न्यूटन. मेरा भी. ते बेडकाच्या हृदयाचं? तीन कप्पे. निलमची एक सवय होती, प्रत्येक प्रश्नाशेजारी आपण दिलेल्या पर्यायाचा आकडा ती पुस्तिकेत ठसठशीत लिहून ठेवायची. तो आकडा बघत बघत तिनं हिशेब लावला. एकशे तीसच्या वर बरोबर येतील. सरकारी कॉलेज मिळंल, इथलं नाही तर तिथलं. युसूफभाई पुढच्या सीटवर बसले होते. दिवसभर फाटकाबाहेर पाण्याच्या दोन बाटल्या छातीशी धरून उभा राहिलेला माणूस, तो मागं वळून नुसता हसला.

घरी बापानं विचारलं तेव्हा तिनं तेच सांगितलं. "चांगला गेला, बा. एकशे तीसच्या वर बराबर येतील." किसनसिंगांनी मान हलवली. ते तिसरी शिकलेले. मग नीलाबाईला, म्हणजे निलमच्या आईला म्हणाले, उद्या सेनगावकडचे येऊन राहिलेत, दूध जास्त घे.

आता हे सेनगावकडचे कोण? तिकडच्या तांड्यातले तातेराव आणि त्यांची बायको पारुबाई. त्यांचा पोरगा पुण्याला कंपनीत गाडी चालवायचा. दिवाळीला त्यांनी निलमला मागणी घातली होती, आणि किसनसिंगांनी प्रेमदास नाईकांसमोर शब्द दिला होता: पेपर होऊ द्या. पोरगी निघाली तर शिकंल, न्हाई निघाली तर तुमची. निलमला हे ठाऊक होतं. त्या शब्दावरच तर ती सहा महिने रात्रंदिवस घासत होती. तिला वाटायचं, निघाली का नाही हे निकाल सांगंल. पण निकालाला महिना लागतो, आणि लग्नाचे दिवस सरत आलेले. महिनाभर कोण थांबतंय.

सोमवारी सकाळी नऊला जीप आली. सात माणसं उतरली. बैठक नाईकांच्या दारातल्या लिंबाखाली, आणि लिंब किसनसिंगांच्या चुलीपासून वीस पावलांवर. आता रीत अशी की पोरीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं असताना पोरीनं त्या मंडळींसमोर यायचं नाही. चहा तिनं करायचा, न्यायचा आईनं. निलमनं चौदा कप चहा ठेवला. मनात एवढंच, की बा आता सांगतील, पोरीला पेपर चांगला गेला, ती शिकणार आहे, तुमी दुसरीकडं बघा. सांगतील आणि ते जातील. तिला त्या लोकांची थोडी दयासुद्धा येत होती.

मध्येच बाप आत आला, मागच्या फळीवर हात घालून काहीतरी घेऊन गेला. निलमची पाठ होती. तंबाखूची पिशवी असंल, तिला वाटलं.

मग लिंबाखालून आकडे ऐकू यायला लागले. एकोणीस. वीस. एकवीस. कुणी एक आकडा बोलायचा, दुसरा कुणी त्यावर बोलायचा, आणि मधून तिच्या बापाचा आवाज: चूक. चूक. बराबर. चूक. निलमला वाटलं, बैलांचं काही चाललंय, नाहीतर कालव्याच्या पाळ्यांचं. ती कप विसळत राहिली. पुढं तिला स्वतःचाच सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की आपण ते ऐकलं आणि कप विसळत राहिलो.

साडेदहाला मंतशाचा फोन आला. मंतशानं लातूरच्या क्लासनं टाकलेल्या उत्तरांच्या याद्या मिळवल्या होत्या, चारही कोडांच्या. तिचे एकशे सव्वीस आले होते आणि ती आनंदानं नुसती किंचाळत होती. सत्तेचाळीसची यादी तुला पाठवली, जल्दी मिला, मला सांग. निलम ओढणीला हात पुसत फळीकडं गेली. पुस्तिका नव्हती. वह्या होत्या, हॉल तिकीट होतं, केंद्रावर मिळालेला पेन होता. पुस्तिका नव्हती.

नीलाबाई रिकामा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिची एक मूठ गच्च मिटलेली होती.

"याडी, माझं पुस्तक?" निलमनं आईला विचारलं.

"तुझ्या बानं नेलं. दिपकच्याशी मिळवायला."

"कशाशी?"

"दिपकच्या मोबाइलात आलेल्या उत्तरांशी. तो लातूरला शिकलेला. नाईक म्हणाले, आत्ताच मिळवून बघू, काय ते कळंल." नीलाबाईनं मान खाली घातली. "एक्केचाळीसच बराबर आले, बाई. दिपकचे त्यानं रात्रीच मिळवलेत, अठ्ठ्याऐंशी आले."

निलमला आधी हसू आलं. खरंच हसली ती. कारण चूक इतकी येडपट होती की कालची ती फाटकाबाहेरची पोरंसुद्धा दोन मिनिटांत शहाणी झाली होती. मग तिची नजर आईच्या मुठीवर गेली आणि हसणं जागच्या जागी थिजलं. तिनं ती मूठ उघडली. आत गुळाचा खडा होता.

तांड्यात गूळ खाल्ला की सोयरीक ठरली. कागद नाही, सही नाही. नाईकासमोर दोन्हीकडच्यांच्या तोंडात गूळ गेला, शेवटी पोरीच्या आईनं खाल्ला, की झालं. तो शब्द मग कुणी मोडत नाही. मोडणाऱ्याच्या घरी पुढं कुणी सोयरीक करत नाही. नीलाबाईनं अजून खाल्ला नव्हता. घरात जाऊन खाते म्हणून ती उठून आली होती, आणि दारात उभी राहून रडत होती.

निलमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय माणसं आहेत ही! दोन वर्षं पोरगी पहाटे चारला उठते, मोबाइलच्या फुटक्या काचेवर धडे बघते, लाईट गेली की बॅटरी तोंडात धरून गणितं करते, आणि तिचा निवाडा करायचा तर तिलाच सोडून बाकी सगळ्यांना बोलावतात. आणि ती कुठं आहे? वीस पावलांवर. त्यांच्यासाठी चहा करून राहिलीय.

तिनं मोबाइल उचलला आणि निघाली. नीलाबाई मागून म्हणाली, बाई, ते लोक बसलेत, असं जाऊ नको. निलमनं वळूनही बघितलं नाही.

लिंबाखाली बाजेवर नाईक, तातेराव, पारुबाई, खाली सतरंजीवर बाकीची मंडळी. मधोमध परातीत गूळ. परातीशेजारी चिंचोक्यांचे दोन ढीग, एक एवढासा, एक मोठा. ते बघितल्यावर तिला सगळं कळलं. तांड्यात मोजायचं म्हणजे चिंचोके. नाईकांचा पुतण्या जगन, जो ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून देतो, त्यानं तिची पुस्तिका धरून तिचे आकडे वाचले होते. दिपकनं मोबाइलमधून आपल्या कोडाच्या यादीतली उत्तरं वाचली होती. आणि तिच्या बापानं आपल्या हातानं बरोबरचे चिंचोके एका बाजूला, चुकीचे दुसऱ्या बाजूला टाकले होते. फारसं वाचता येत नसलं तरी ढीग दिसतो माणसाला. मोठा ढीग चुकांचा होता आणि किसनसिंग त्याच्याकडं बघत बसले होते.

नाईकांनी तिला बघितलं आणि त्यांचा पारा चढला. पाव्हण्यांसमोर पोरगी अशी उघड्या डोक्यानं येते, घरात कुणी वळण लावलंय का नाही, असं बरंच काही ते बोलले. तातेरावांनी तोंड वळवलं. किसनसिंग उठले, आत जा म्हणाले. आवाज बारीक होता, लाजेनं चेपलेला. काल रात्री पोरीनं आपल्याला एकशे तीस सांगितले, आणि निघाले एक्केचाळीस. पोरगी खोटं बोलली, हे त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं. ते तिच्या तोंडाकडं बघत नव्हते.

तांड्यात बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. पण निलमचं डोकं फिरलं की तिची जीभ मराठीवर यायची, शाळेत भांडून भांडून लागलेली सवय. ती मराठीतच बोलली.

"नाईककाका, जाते मी आत. आधी मला दिपकचं पुस्तक दाखवा."

दिपक म्हणाला, कशाला. त्याची पुस्तिका त्याच्या मांडीखाली होती, सकाळपासून कुणी ती उघडलीच नव्हती. उघडायची गरजच पडली नाही, यादी मोबाइलात होती ना. निलमनं वाकून ती ओढून घेतली. जगनच्या हातातून आपलीही घेतली. दोन्ही पुस्तिका तिनं बापाच्या पुढ्यात सतरंजीवर उघड्या ठेवल्या.

"बा, हितं बसा," ती म्हणाली. "सातवा प्रश्न बघा. आकडा वाचता येतो ना, सात? हे माझं पुस्तक. सातव्याला कशाचं चित्र आहे?"

किसनसिंग वाकले. बराच वेळ बघत राहिले. "कप्पी हाय. इहिरीची असती तशी. दोन वजनं लटकवलीत."

"आता ह्याच्या पुस्तकातला सातवा बघा."

किसनसिंगांनी बोट ठेवलं. तिथं कप्पी नव्हती. तिथं तारा होत्या आणि दोन बल्ब होते. त्यांनी पुन्हा सातचा आकडा बघितला. पुन्हा तिच्या पुस्तिकेवर बोट ठेवलं, पुन्हा त्याच्या. बाजेवरचे तातेरावही आता मान लांब करून बघायला लागले. निलमनं दिपकच्या पुस्तिकेची पानं उलटली आणि एकतिसाव्या प्रश्नापाशी थांबली. तिथं ती कप्पी होती, तीच, तेवढीच दोन वजनं लटकवलेली.

मग तिनं दोन्ही पुस्तिका मिटून पहिल्या पानांवरचे मोठे आकडे दाखवले, सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस. सांगितलं सगळं, थोडक्यात. तुमी माझ्या कप्पीचं उत्तर ह्याच्या बल्बाशी लावून राहिलात सकाळपासून. एक्केचाळीस जुळले तेच नवल.

 किसनसिंगांनी मान वर केली आणि दिपककडं बघितलं.

"तुला ठावं होतं?"

दिपकनं बापाकडं बघितलं. नाईक म्हणाले, त्याला काय ठावं असणार, लेकरू आहे. निलम फिसकन हसली. लातूरच्या क्लासात दोन वर्षं दर रविवारी अशीच पुस्तिका सोडवणारं लेकरू. ती म्हणाली, "काल फाटकात तूच म्हणालास ना, माझा अठ्ठेचाळीस, तुझा सत्तेचाळीस, आपलं जुळत न्हाई? मंतशा होती तिथं. लावू का तिला फोन?"

दिपकचा चेहरा पडला. त्याला सहाशे मार्क मिळणार म्हणून नाईक अख्ख्या तांड्यात सांगत होते, आणि खरं बघितलं तर त्याचे अठ्ठ्याऐंशी प्रश्न बरोबर आलेले, प्रश्नाला चार मार्क धरले तरी साडेतीनशेच. त्यात सरकारी कॉलेजाचं फाटकसुद्धा दिसत नाही. पण शेजारी एक्केचाळीसचा ढीग असला की अठ्ठ्याऐंशी डोंगराएवढे दिसतात. सकाळपासून सगळे त्याची पाठ थोपटत होते. तो खाली बघत म्हणाला, "मला कुणी विचारलंच न्हाई."

"मला तरी कुणी विचारलं?" निलम म्हणाली.

हे ती दिपककडं बघून म्हणाली नाही. किसनसिंगांना ते बरोबर लागलं, कारण त्यांचा हात परातीच्या कडेवर होता तो त्यांनी मागं घेतला.

नाईकांनी आता वेगळा सूर धरला. झालं ते झालं, गैरसमज झाला, पण गूळ खाल्लाय, पाव्हणे एवढ्या लांबून आलेत, तांड्याची इज्जत आहे. पोरीचं काय ते महिन्यानं निकालात कळंलच, तोवर सोयरीक राहू द्या. वा रे वा! सकाळी निकाल काढायला महिना थांबवत नव्हतं, आणि आता महिनाभर थांबा. निलमनं ते सगळं ऐकून घेतलं. मग मंतशानं पाठवलेली यादी उघडली आणि आपला मोबाइल दिपकच्या हातात दिला.

"परत मिळवायचं," ती म्हणाली. "ह्याच माणसांसमोर, हितंच. दिपक वाचंल, जगनदादा माझे आकडे वाचतील, बा चिंचोके टाकतील. आणि जेवढ्या मोठ्यानं सकाळी चूक म्हणालात ना बा, तेवढ्याच मोठ्यानं बराबर म्हणायचं. मला चुलीपाशी ऐकू येत होतं."

नाईक म्हणाले, हे काय पोरखेळ लावलेत. पण किसनसिंगांनी तोवर दोन्ही ढीग एकत्र केले होते. तिसरी शिकलेला तो माणूस मांडी घालून ताठ बसला आणि जगनला म्हणाला, वाच.

एक. दोन आणि दोन. बराबर.

दोन. चार आणि चार. बराबर.

तीन. एक आणि तीन. चूक. निलमच म्हणाली, हा चुकला, टाका तिकडं.

दिपकचा आवाज खाली जायला लागला की निलम म्हणायची, मोठ्यानं वाच. तो वाचायचा. तांड्यातल्या बाया एक एक करून दारात येऊन उभ्या राहिल्या. पोरं लिंबाच्या पाराशी गोळा झाली आणि बराबर आलं की तीही ओरडायला लागली, तर नाईकांनी त्यांना हाकललं. ती पाच पावलं मागं सरून पुन्हा ओरडायला लागली. किसनसिंगांचा आवाज पन्नासाव्या प्रश्नापर्यंत घोगरा होता. सत्तराव्यापासून मोकळा झाला. शंभराच्या पुढं तर ते पोरीकडं बघून बोलायला लागले, पण पोरगी त्यांच्याकडं बघत नव्हती. ती ढिगाकडं बघत होती. राग तिचा उतरला नव्हता, प्रत्येक बराबरला उलट वाढत होता. एवढं सगळं बराबर होतं, आणि एका परातभर गुळात ते जाणार होतं. आत बसून कप विसळत राहिली असती तर गेलंच होतं.

एकशे बाराव्या की तेराव्या प्रश्नाला नीलाबाई आली. पाव्हण्यांसमोर डोक्यावरची ओढणी पुढं घेतलेली, मान खाली.  मूठ उघडून तिनं आपला गुळाचा खडा परातीत परत ठेवला, आणि निलमच्या मागं जाऊन उभी राहिली. जगन वाचायचा थांबला. नाईक बाजेवरून उठले, म्हणाले, नीलाबाई, काय करून राहिलीस तुला कळतं का. किसनसिंग जगनला म्हणाले, तू थांबू नको, वाच.

मग पारुबाईनं कमरेची गाठ सोडली. पोराला न्यायला म्हणून बांधून घेतलेला गूळ तिनं काढला आणि नीलाबाईच्या खड्याशेजारी ठेवला. तातेराव रागानं तिच्याकडं बघायला लागले. 

"आमी शिकणं सरलेली पोरगी मागायला आलो होतो," पारुबाई म्हणाली. "हिचं तर आता सुरू होऊन राहिलं. आमाला न्हाई झेपायची."

ती चांगुलपणानं म्हणाली का हिशेबानं, हे निलमला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. जीप निघाली तेव्हा एकशे पन्नासावा प्रश्न चालला होता. धूळ उडाली, परातीतल्या गुळावर बसली, मुंग्या तर आधीच लागल्या होत्या. नाईक घरात निघून गेले आणि दार लावून घेतलं. दिपकला मात्र जाता आलं नाही, त्याच्या हातात मोबाइल होता. एकशे ऐंशीपर्यंत त्यानं वाचलं.

एकशे एकोणचाळीस बराबर, सत्तावीस चूक, चौदा सोडलेले. किसनसिंगांनी ढीग दोनदा मोजला. मोठा ढीग आता दुसऱ्या बाजूला होता. त्यांनी आजूबाजूच्यांकडं बघितलं. निलमनं दिपकच्या हातून मोबाइल घेतला आणि घराकडं चालायला लागली. पुस्तिका तिनं तिथंच सतरंजीवर राहू दिली.

 दुपारी मंतशाला फोन करून निलमनं आकडा सांगितला, मंतशा तिकडं रडायला लागली, युसूफभाईंनी फोन घेऊन बेटा बेटा म्हणून दुवा दिली, तरी निलमचे डोळे कोरडेच. नीलाबाईनं भाकरी वाढली, ती तिनं खाल्ली. बाप ओट्यावर बसून होता. उन्हं कलती झाली तेव्हा तो आत आला आणि चुलीपाशी टेकला.

म्हणाला, मला काय माहीत बाई, तसले चार चार कोड असतात. पुस्तक म्हणजे पुस्तक, मला वाटलं. सगळ्यांना एकच असंल.

"ते माहीत नसंल, बा. त्याचा राग न्हाई," निलम म्हणाली. "पण मी कुठं होते ते माहीत होतं तुमाला. वीस पावलांवर होते. रीत होती म्हणून मी बाहेर आले न्हाई. तुमाला आत यायला कोणती रीत आडवी आली? नुसतं विचारायचं होतं, बाई, तू तर एकशे तीस म्हणालीस, मग एक्केचाळीस कसे?"

  किसनसिंग उठून बाहेर गेले. नीलाबाई लेकीला म्हणाली, जाऊ दे आता, तोही माणूस आहे, दिवसभर उपाशी आहे. निलमनं घासायची भांडी पुढ्यात ओढली.

थोड्या वेळानं ते परत आले. लिंबाखाली राहिलेली पुस्तिका त्यांच्या हातात होती. कुणाचा तरी गुळाचा हात लागून तिचं पहिलं पान चिकट झालं होतं, ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून पुसून कोरडं केलं होतं. फळीपाशी गेले, हात वर केला, आणि तसेच थांबले. सकाळी ह्याच फळीवरून त्यांनी ती न विचारता उचलली होती.

"ठेवू का हितं?" त्यांनी विचारलं.

निलमनं भांड्यातून डोकं वर काढलं नाही.

"आता विचारून राहिलात," ती म्हणाली. "ठेवा."